गिरजाबाईच्या जाळ्यातलं दार

गिरजाबाईने मला फसवलं. सरळच सांगतो. पाच वर्षं माझ्याच जागेत, माझ्याच समोर स्टुलावर बसून, माझाच चहा पीत तिने मला फसवलं, आणि वर दरवर्षी माझ्याकडून एक नारळही घेतला.

मी कोण हे आधी सांगतो, म्हणजे प्रकरण किती मोठं आहे ते लक्षात येईल. मूलच्या आठवडी बाजारात सायकलच्या कॅरियरवर ताडपत्री आणि दोर विकत मी धंद्याला सुरुवात केली, तेव्हा माझे पाय पेडलला नीट पोचत नव्हते. पुढे चंद्रपुरात दुकान टाकलं. बांबूचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे मुन्शी, ट्रकवाले सरदारजी, सगळे माझ्याशी घासाघीस करून घरी गेले आणि तापाने पडले. आमच्याकडे म्हणतात, "रशीदभाऊशी सौदा कराचा असन तर घरून जेवून निघा." हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला लागलं की फार वेळ लावतं.

अशा माणसाला चिखलबोडीच्या एका ढीवर, म्हणजे मासेमार, बाईने गुंडाळलं.

चिखलबोडी मूलच्या पुढे, जंगलाला लागून. गावाला तळं, तळ्यात मासे आणि काठावर गिरजाबाई. साठीची, काटक, हातात कायम जाळं विणायची बांबूची सुई. तिची एक खोड पहिल्याच भेटीत लक्षात यायची. ती माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. ती माणूस मोजत असे. एक डोळा मिटायची, उजव्या हाताची बोटं हवेत आडवी धरायची आणि ओठ हलवत तुमचे खांदे, डोकं, पाऊल मोजून घ्यायची. मग तुमचा मासा ठरवायची. एकदा ठरला की ठरला. उंच सडपातळ माणूस म्हणजे वाम. लांब मिशीचा तो शिंगाडा. गप्प बसून डोळे फिरवणारा मरळ. शाळेची बारकी पोरं सहलीला आली की "झिंगे आले." वर्तमानपत्राचे एक बातमीदार आमची जागा बघायला आले होते, तर तिने त्यांना तोंडावर सांगितलं, "साहेब, तुमी रोहू नाई जी. तुमी रोहूचं डोक्सं."

बातमी आली नाही.

मला बघितल्याबरोबर ती म्हणाली, "कटला." कटला हा आमच्या तळ्यांतला सगळ्यात जाडजूड मासा. मी वजनदार आहे हे मला मान्य आहे, पण ओळख व्हायच्या आधी सांगायची ही गोष्ट नव्हे.

तिच्याकडे जायची पाळी माझ्यावर का आली? तर दोन हजार सालानंतर आमच्या भागात वाघ बघायला गाड्यांवर गाड्या यायला लागल्या. पहाटे हसत जायच्या, दुपारी मुकाट परत यायच्या. मूल रोडवरच्या टपरीवर चहा पिताना मी त्या लोकांचे चेहरे बघायचो. बहुतेकांना वाघ दिसलेला नसायचा. कोणाला पंजाचा ठसा, कोणाला नुसता वास. पोरं रडवेली, आणि बायका नवऱ्याकडे अशा बघत असत की वाघ त्यानेच कुठेतरी दडवून ठेवलाय. एक दिवस माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या लोकांना काळीज धडधडून पाहिजे आहे! वाघाला मी बोलावू शकत नाही. पण दोर? दोर तर माझ्या दुकानात छतापर्यंत रचलेला आहे!

चिखलबोडीच्या काठाला चार एकर झुडपी जमीन घेतली. त्यात ऐनाची आणि मोहाची जुनी, भक्कम झाडं. पुण्याहून केदार नावाचा एक तरुण इंजिनिअर आणला. हवेतले दोरखंडाचे रस्ते बांधण्यात त्याचा हातखंडा. त्याच्या कमरेला इतक्या लोखंडी कड्या लटकलेल्या असत की तो चालायला लागला की बैलजोडी आल्यासारखं वाटे. तीन महिन्यांत त्याने जादू केली. झाडाझाडांवर नऊ मचाणं, जमिनीपासून पंचवीस फुटांवर. एका मचाणावरून दुसऱ्यावर जायला कुठे हलणाऱ्या फळ्यांचा पूल, कुठे ट्रकच्या जुन्या टायरांची रांग, कुठे पायाखाली एक तार आणि हाताशी एक तार, बस! कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला कडी. आणि सगळ्यात शेवटी, जरा खालच्या नवव्या मचाणावर आलं की पट्टा काढायचा आणि पंधरा फूट खाली जाळ्यात मोकळी उडी. ते ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. लोक वेडे होणार, हे मला तिथेच दिसलं.

जाळं परदेशातून मागवावं लागेल, असं केदार म्हणाला आणि भाव सांगितला. तो ऐकून मी खुर्चीवरून उठलो आणि तडक तळ्यावर गेलो.

गिरजाबाई काठावर विणत बसली होती. त्यांच्यात जाळं पुरुष विणतात. पण हिच्या नवऱ्याचा हात म्हातारपणी थरथरायला लागला, तेव्हा ही घरात बसून विणायची आणि तो बाजारात स्वतःच्या नावाने विकायचा. तो गेल्यावर ती उघड्यावर येऊन बसली. तिच्या गाठी आधीपासूनच पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या, फक्त नाव दुसऱ्याचं होतं.

"कोणती मच्छी?" तिने विचारलं.

"मच्छी नाही बाई. माणसं."

तिची पापणी हलली नाही. "जिती?"

"अहो, जिवंतच!"

"मंग डोळा चार बोटाचा. पाय अटकून मोडाले नको, अन लहान पोट्ट्याचं डोक्सं आरपार जाले नको. कितीक उंचावरून पाडता?"

"पाडत नाही. लोक आपण होऊन उडी मारतात. तिकीट काढून."

आता मात्र सुई थांबली. "तिकीट काहाडून पडते? काऊन?"

"मजा येते."

"कायची?"

हा प्रश्न केदारनेही मला कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, "ते पडल्याशिवाय कळत नाही, बाई."

तिने पहिल्यांदाच मोजायचं सोडून माझ्याकडे नीट बघितलं.

मग सौदा सुरू झाला. मी माझी सगळी हत्यारं काढली. तीनदा उठून मोटरसायकलपर्यंत गेलो. गिऱ्हाईक उठलं की विकणारा हाक मारतो, हा जगाचा नियम आहे. ही बाई हाक मारेना. तिन्ही वेळा मलाच, चावी विसरली असं म्हणून, परत यावं लागलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "चाबी खिशातच हाये जी, दिसून राह्यली." मी रागाने लाल झालो. आणि तेवढ्यात तिने आपण होऊन माझा भाव कबूल केला. "तुमच्याच भावात देतो म्हणा ना. पण एक उडी माही. सगळ्यात पयली."

"एक काय, दहा मारा!" मी म्हणालो.

परत येताना मी मोटरसायकलवर गाणं म्हणत होतो. शब्द देण्याला काय लागतं? तेव्हापर्यंत माझी तशी समजूत होती.

दोन महिन्यांनी जाळं आलं. चार खांबांना ताणून बांधलं आणि आम्ही बघतच राहिलो. काय ते काम! एकसारखे हजारो डोळे, बोट फिरवलं तर गाठ लागत नाही, आणि ओढलं तर चारही खांब कुरकुरतात. केदार आनंदाने त्याच्याभोवती फिरला, खालून गेला आणि ओरडला, "रशीदभाई! नेटला भोक आहे!"

बरोबर मध्ये एक भोक होतं. त्यावर जाळ्याचाच एक पडदा, आणि तो लाल दोरीने गच्च आवळून शिवलेला.

"ते भोक नोहे," गिरजाबाई शांतपणे म्हणाली. "दार हाये."

"जाळ्याला दार?"

"तळ्याच्या आईचं. आमच्या घरची रीत हाये. मोठं जाळं लावलं का तिले ये-जा कराले वाट ठेवा लागते. नाई ठेवली त काय होते, ते मी सांगत नाई."

मी आयुष्यात सगळ्यांशी भाव केला. पोलिसाशी केला, सासऱ्याशी केला, डॉक्टरशी तर ऑपरेशनच्या टेबलावर झोपून केला. पण दुसऱ्याच्या देवाशी कधी केला नाही. माझे अब्बा सांगायचे, अपना हो या पराया, ऊपरवाले के काम में टांग मत अड़ाना. मी केदारला गप्प केलं. केदार ऐकेना. त्याने नवव्या मचाणावरून बरोबर त्या दारावर सिमेंटची गोणी टाकली. मग दोन बांधून टाकल्या. मग तीन. खांब हलले, वरच्या मोहावरची पाखरं उडाली, लाल दोरी केसभर सरकली नाही. बाकीच्या जाळ्यापेक्षा दारच मजबूत निघालं. केदारने घाम पुसला आणि कागदावर लिहिलं, "मेन्टेनन्स ॲक्सेस."

तेवढ्यावर ती थांबली नाही. दाराच्या बरोबर खाली भाताच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग पाहिजे, आईची गादी म्हणून. वर्षाला एक नारळ पाहिजे. आणि सोमवारी कोणी आत यायचं नाही.

"सोमवारी आई एकटी येते," ती म्हणाली. "माणूस नाई पाह्यजे."

अशा रीतीने माझ्या धंद्याची साप्ताहिक सुट्टीसुद्धा तिनेच ठरवली.

उद्घाटनाला काय गर्दी! चंद्रपूरहून, भद्रावतीहून, पार नागपूरहून गाड्या. गिरजाबाई नवं लुगडं नेसून, काष्टा घट्ट खोवून सकाळी सातपासून नवव्या मचाणाखाली उभी होती. मी म्हणालो, "बाई, आधी पाहुणे." दुपारी म्हणालो, "आधी लेकरं." संध्याकाळी म्हणालो, "आता अंधार पडला." तिने काष्टा सोडला आणि घरी गेली.

नंतर मी आठवडा सांगितला, मग महिना, मग दिवाळी. खरं सांगू? मला भीती होती. साठीच्या बाईचं एक हाड मोडलं असतं तर माझी नऊच्या नऊ मचाणं दुसऱ्या दिवशी बंद झाली असती. शेवटी कटकट नको म्हणून मी पेंटर बोलावला आणि पाटी लावली: "पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींना उडीस सक्त मनाई आहे."

तिने केदारला ती पाटी मोठ्याने वाचायला लावली. दोनदा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन तुमाले कितीक वर्स झाले?"

"पन्नास."

"मंग तुमी चढा न."

माझ्या दुखऱ्या नसेवर तिने बोट ठेवलं होतं. मी माझ्याच मचाणावर कधी चढलो नव्हतो. दुकानात वरच्या फळीवरची ताडपत्री काढायला स्टुलावर उभा राहिलो तरी मी दोन्ही हातांनी फळी धरून ठेवतो. हे माझ्या बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी छातीठोकपणे म्हणालो, "हलवाई स्वतःची मिठाई खातो का?" ती म्हणाली, "खाते जी. पयले तोच खाते. नाईतर मंग आमी काऊन खाऊ?"

तेव्हापासून रोज सकाळी माझा चहा हातात घेऊन ती विचारायची, "कटला कवा चढते?" लोक पेन्शनीची वाट बघतात, मी पंचावन्न पूर्ण व्हायची वाट बघायला लागलो.

तिला मी जाळ्याच्या राखणीला ठेवली होती. खाली स्टुलावर बसायची, मान वर, कान जाळ्याकडे. कोणती गाठ ढिली पडली ते तिला आवाजावरून कळायचं. आणि वर मचाणावर माणूस आला की ती हाळी द्यायची: "वाम आली वं! मरळ आला!" लोकांना ते इतकं आवडायचं की उडी मारून झाल्यावर ते खाली येऊन विचारायचे, "मावशी, मी कोण?"

एकदा भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यातले एक फोरमन कुटुंबासह आले. सहा फूट, आडवा बांधा, मिशीला पीळ. आठ मचाणं हसत पार केली आणि नवव्यावर आल्यावर झाडाला जी मिठी मारली ती सोडेनात. मागे रांग थांबली. केदारने समजावलं, बायकोने समजावलं, मुलगी खालून टाळ्या वाजवत होती. साहेब डोळे मिटून उभे. गिरजाबाई स्टुलावरून उठली.

"काय गा शिंगाडा," ती खालून म्हणाली, "अख्ख्या देशाचा दारूगोळा बनवते अन तुले फुटता येत नाई?"

रांगेत हशा पिकला. मग तिने आवाज एकदम खाली आणला. "इकडं पाय. माह्याकडं नोको पाहू, गाठीकडं पाय. ती गाठ मी बांधली हाये. दुसऱ्या कोणी नाई. आता ये."

फोरमनसाहेबांनी एक डोळा उघडला. आणि आले! काय उडी होती! जाळं जमिनीपासून हातभर राहीपर्यंत दबलं, परत उसळलं, साहेब पुन्हा हवेत, मिशीचा पीळ सुटलेला, आणि तोंडातून लहान मुलासारखी किंकाळी. खाली उतरल्यावर त्यांनी गिरजाबाईच्या पायाला हात लावला आणि परत तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी चार उड्या मारल्या. अशी माणसं रोज. तोंड पाडून आलेली माणसं परत जाताना गाडीच्या खिडकीतून ओरडत जायची. वाघाचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं.

आता फसवणुकीकडे येतो.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, पाण्याच्या मोटरीत बिघाड झाला म्हणून मी एका सोमवारी सकाळी गुपचूप आत शिरलो. आईची मनात माफी मागितली आणि मोटरीकडे निघालो. तेवढ्यात नवव्या मचाणावर काहीतरी हललं. मी मोहाच्या आड झालो.

मचाणावर गिरजाबाई उभी होती. काष्टा खोवलेला, हात मोकळे. खाली बघत बराच वेळ उभी होती. मग जाळ्याला म्हणाली, "धरजो बरं." आणि उडी मारली.

सोमवार, आई, रीत, नारळ! माझ्या डोक्यात सगळं एकदम फुटलं. ती पडली, उसळली, पुन्हा पडली, मोठ्याने हसली आणि पाठीवर पसरून राहिली. मग आरामात मध्ये सरकली, लाल दोरीची गाठ एका ओढीत सोडली आणि त्या पवित्र दारातून पाय आधी घालून सरळ खाली, तणसाच्या गादीवर! जाळ्याची कड डोक्याच्या वर असते. बाकीच्या दिवशी दोन माणसं हात देऊन लोकांना उतरवतात. एकट्या बाईला, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्या कडेवरून उतरता आलं नसतं. म्हणून दार. तिच्या कमरेच्या मापाचं, ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. दाराची दोरी पुन्हा आवळताना मात्र ती एकेक गाठ दोनदा ओढून बघत होती.

 मी ओरडायला तोंड उघडलं. पण ती तणसावरून उठली, काड्या झटकल्या आणि परत झाडाला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या चढायला लागली. या वेळी उडी मारल्यावर ती हसली नाही. डोळे मिटून पडून राहिली. जाळं डोलत होतं आणि ती तळहाताने त्यावर हलकेच थोपटत होती, जसं आपण झोपलेल्या कोणाला थोपटतो. किती वेळ ते मला माहीत नाही. मोटर दुरुस्त न करताच मी घरी आलो.

मी उदार झालो असं कोणी समजू नये. मी पुरावा गोळा करत होतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सहज विचारलं, "बाई, सोमवारी आई येते का हो?"

"येते." सुई चालूच.

"कशी येते?"

"वरून."

"भिते का?"

"पयल्या खेपेले भ्याली. आता नाई भित."

"आणि जाळ्यात पडल्यावर काय वाटतं आईला?"

तिने विणणं थांबवलं. तळ्याकडे बघत म्हणाली, "रशीदभाऊ, चाळीस वर्स जाळे विणले. जाळ्यात गेल्यावर कसं वाटते, ते सांगाले एकबी मच्छी वापस आली नाई."

मी तिच्या कपात चहा ओतला. ओतता ओतता म्हणालो, "मग आता कळलं?"

"समजलं."

"कसं वाटतं?"

"ते सांगून समजत नाई. तुमीच म्हणलं होतं." आणि मग, नेहमीच्या सुरात, "कटला कवा चढते?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. "दोन वर्षांनी पंचावन्न पूर्ण होतात. थोडक्यात सुटलो."

"पाटी तुमचीच हाये जी," ती म्हणाली. "तुमीच पुसा."

पुढची दोन वर्षं मी नारळ देत राहिलो आणि ती घेत राहिली. सोमवारी मी आत गेलो नाही. मोटर बिघडली तरी मंगळवारपर्यंत थांबलो.

गेल्या वर्षी तिचा मुलगा रामदास गडचांदूरहून आला. तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. आईचे गुडघे आता बोलू लागले होते, म्हणून तो तिला आपल्या क्वार्टरमध्ये न्यायला आला होता. "तिथी कुठी तळं हाये?" तिने मला विचारलं, जणू काही गडचांदूर मीच बांधलं आहे. "खदान हाये म्हणे. खदानीत काय विणू?"  भांडणात मी हरत नाही, पण हे भांडण नव्हतं. तेव्हा ती जवळ आली आणि दोन्ही हात पसरून माझ्या खांद्यांवर ठेवले. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत हळूहळू बोटं फिरवली. मग पाठीवरून, मग कमरेपाशी. आयुष्यात कोणा मोठ्या माणसाने असा आशीर्वाद दिला नव्हता. माझे डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत, हे माझं दुर्दैव.

"आठ दिवस आईचं काम करतो, मंग जातो," ती म्हणाली. आठ दिवस काष्टा खोवून जाळ्याखाली बसली आणि रामदासच्या मोटरसायकलवर मागे बसून गेली. वळून बघितलं नाही.

पुढच्या सोमवारी मी आत गेलो. जाळ्यात कोणी नव्हतं. खाली जाऊन वर बघितलं आणि माझ्या तोंडातून शिवीच निघाली.

दार नवं होतं. दोरी नवी, लाल. आणि दार होतं मोठं, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. खाली तणसाचा ढीगही दुप्पट. मी सुतळी आणली, दार मोजलं, मग तीच सुतळी स्वतःच्या पोटाभोवती धरली. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. तो आशीर्वाद नव्हता. ती मला मोजत होती!

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला अजून झोपू देत नाही. पहिलं दार तिने विणलं ते पाटीच्या आधी. उद्घाटनाच्या आधी. मी एकही बहाणा सांगायच्या आधी. तिसऱ्यांदा चावी विसरून परत आलो, त्याच वेळी तिने मला पुरता मोजला होता. हा उडी देणार नाही, आपली सोय आपणच करावी लागेल, हे तिने तिथेच धरलं होतं. माझ्या धंद्यात माझा इतका मोठा अपमान कोणी केलेला नाही. आणि त्याहून मोठा अपमान हा, की तिचं बरोबर होतं.

पाटीवरचा आकडा मी स्वतः पत्र्याने खरवडून काढला आहे. छप्पन पूर्ण झाली मला. गेले तीन सोमवार मी सकाळी लोखंडी पायऱ्या मोजत नवव्या मचाणावर चढतो आणि झाडाला मिठी मारून उभा राहतो. गाठी दिसतात. सगळ्या तिने बांधलेल्या, दुसऱ्या कोणी नाही. पण खाली स्टूल रिकामं आहे आणि मला हाळी द्यायला कोणी नाही.

म्हणून मी सगळ्यांसमोर विचारतो, आणि मला जबाब पाहिजे. गिरजाबाई, माझं माप तुम्ही कोणाला विचारून घेतलं? मी शब्द पाळणार नाही, हे पहिल्याच दिवशी कशावरून धरलं? आणि ते धरलं होतं, तर मग मी उडी मारीन, हे आता कशावरून धरलं? गडचांदूरहून सकाळची एसटी आहे. त्या एसटीने या, तुमच्या स्टुलावर बसा आणि वर बघून उत्तर द्या.

मी वर उभा आहे.